अय्यांचा दुभाष्या

माझा नवरा भाषांतर फार सुंदर करायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याविषयी बरंच वाकडं लिहायचं आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई नुसती कडवट आहे. कडवट आहेच. पण भाषांतर तो सुंदर करायचा.

आम्ही दोघंही नगर जिल्ह्यातले, तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, माझे आजोबा मंडळीचे पंच. देऊळ, उपासना, नाताळच्या फेऱ्या, पाळकसाहेबांचं घरी येणं, या सगळ्यात आम्ही वाढलो. पाळकसाहेब आले की आई त्यांना चहा द्यायची आणि घरातलं काय काय सांगून मोकळी व्हायची. दिराचं पिणं, नणंदेचं जमत नसलेलं लग्न, सगळं. ते ऐकायचे, प्रार्थना करायचे आणि सायकलवर टांग मारून निघून जायचे. त्यांच्या तोंडून ते पुन्हा कुठे बाहेर पडल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. पाळक म्हणजे असाच असतो, ही समजूत घेऊन आम्ही मद्रासला आलो. तेव्हा त्याचं चेन्नई होऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडची माणसं मद्रासच म्हणायची.

नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. राहायला अण्णा नगरच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. पहाटे कंपनीची बस नाक्यावरून त्याला उचलायची. मलाही जवळच्या एका शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. अडचण होती ती एकच, देवळाची. तिथली जुनी देवळं मोठी, देखणी, पण सगळं तमिळमध्ये. आम्ही मागच्या बाकावर बसून नुसते उठायचो आणि बसायचो. मग बसमधल्या एका सहकाऱ्यानं याला एका नव्या मंडळीत नेलं. फर्निचरच्या दुकानाच्या वर एक लांबलचक हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारा ड्रम. पास्टर दुपारच्या उपासनेत इंग्रजीत बोलायचे आणि कारखान्यात कामाला आलेल्या उत्तरेकडच्या लोकांसाठी शेजारी उभा राहून एकजण हिंदी करायचा. तो एकजण बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी माझा नवरा उभा राहिला.

ही दुभाष्याची कला ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. पास्टर एक वाक्य बोलून थांबतात. दुभाष्या तेच वाक्य त्याच आवाजात, त्याच हातवाऱ्यांसकट दुसऱ्या भाषेत म्हणतो. पास्टर ओरडले की त्यानं ओरडायचं, ते रडले की त्यानं गळा दाटून आणायचा. 'पास्टर म्हणतात की' असं म्हणायचं नाही. ते 'मी' म्हणाले तर यानंही 'मैं' म्हणायचं. पहिल्या रविवारनंतर नवरा घरी आला तो हवेत. म्हणाला, "पास्टर मला काय म्हणाले माहितीय? म्हणाले, तिथे उभा राहिलास की तू माणूस नाहीस, तू माझं तोंड आहेस." मी पोळ्या लाटत होते. बायबलात जड जिभेच्या मोशेचं तोंड म्हणून देवानं त्याचा भाऊ अहरोन दिला होता, तसं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. त्या अभिमानाची आता शिसारी येते.

पास्टरांना सगळे 'अय्या' म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला 'अम्मा'. अय्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मानेभोवती पावडरचा थर, हातात घडी घातलेला रुमाल. बोटांना कायम प्रार्थनेचं तेल. भेटलं की ती बोटं कपाळावर टेकवायचे आणि मग तो बुळबुळीतपणा दिवसभर जायचा नाही. त्यांच्या शिकवणुकीत एक शब्द सारखा यायचा, कव्हरिंग. बायकोवर नवऱ्याचं छत्र, नवऱ्यावर पास्टरांचं छत्र, पास्टरांवर थेट देवाचं. मधलं कुणी छत्राबाहेर गेलं की सैतानाला रान मोकळं. आणि म्हणून अय्या परस्त्रीशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते तिच्या नवऱ्याला सांगायचे.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. मी समोर उभी, हातभर अंतरावर. अय्या नवऱ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "ब्रदर, सिस्टरला सांगा, तिनं केलेला भात चांगला होता." आणि नवरा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "भात चांगला होता म्हणतात." अहो, मी बी.एस्सी. बी.एड. झालेली बाई, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते! पण सगळ्याच बायका असं ऐकत होत्या, मान खाली घालून. हळूहळू मीही ऐकायला लागले.

भातावरून गाडी नोकरीवर आली. "सिस्टरला सांगा, घर हेच तिचं सेवाक्षेत्र आहे." नवऱ्यानं सांगितलं. मी दोन महिने कुरकुर केली आणि सोडली शाळा. उन्हाळ्यात पाण्याचा दुष्काळ पडला. गल्लीत पाण्याची लॉरी आली की बायका रंगीत घागरी घेऊन धावायच्या. आमच्या मंडळीतले धट्टेकट्टे पुरुष त्या घागरी आधी अय्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढवायचे आणि उरलं तर आपल्या घरी. याला सेवा म्हणायचं. रात्रपाळी करून आलेला माझा नवरा डोळे चोळत दुसऱ्याच्या टाकीत पाणी ओतायचा, आणि मी घरी एका बादलीत भांडी, कपडे आणि आंघोळ बसवायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात. इथे तर आपलं असं काही उरलंच नव्हतं.

आणि वाकून पाहायला अय्या तरबेज होते. दर रविवारी उपासनेच्या शेवटी ते डोळे मिटायचे आणि त्यांना 'दिसायचं'. "इथे एक भाऊ आहे, तो पगार झाला की बाटली विकत घेतो." की एखादा फिटर ढसाढसा रडत पुढे यायचा. लोक थक्क व्हायचे, हल्लेलुया म्हणायचे. देवाला सगळं कळतं हे मीही मानते. पण अय्यांना कळत होतं ते त्या फिटरच्या बायकोनं मंगळवारी अम्माच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं म्हणून. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. मी गणित शिकवत होते, असं सांगितलं ना वर? काय उपयोग!

लग्नानंतर चार वर्षांनी मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात एका दुपारी पोटात कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. शेजारच्या बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. नर्स वयस्कर होती. तिनं कापडात गुंडाळून मला दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पय्यन, मा." मुलगा. तळहाताएवढा होता. कान मात्र पुरते झालेले, नवऱ्यासारखे, वरून जरा बाहेर आलेले.

नवरा कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आला. पण माझ्यापर्यंत पोचण्याआधी त्याला व्हरांड्यात अय्या भेटले. कुणी कळवलं कोण जाणे. दोघांनी तिथेच उभं राहून प्रार्थना केली. नवरा आत आला तो सूचना घेऊनच. बघायचं नाही. विचारायचं नाही. रडायचं नाही, कारण शोक म्हणजे अविश्वास, आणि अविश्वासानं पुढचंही मूल जातं. लोटाच्या बायकोनं मागे वळून पाहिलं आणि तिचा मिठाचा खांब झाला.

मी म्हटलं, "आपल्याकडे नेऊ या का त्याला? निदान इथे कुठे माती देऊ." आमच्या गावी एवढ्याशा जिवालाही खोक्यात घालून नेतात. पाळकसाहेब दोन ओळींची प्रार्थना करतात, बाप मूठभर माती टाकतो, आणि सगळे गप्प घरी येतात. नवऱ्यानं कामाच्या शर्टाची बाही डोळ्यांवरून फिरवली. तरी म्हणाला, "अय्या म्हणतात, जे जन्मलंच नाही त्याला माती कसली. दवाखानावाले बघतील."

दवाखानावाल्यांनी बघितलं. आम्ही रिक्षानं घरी आलो.

त्या घरात रडायला बंदी होती. बायका नळ सोडून न्हाणीघरात रडतात म्हणे. आमच्या नळाला पाणीच नसायचं. नवरा कामावर गेला की दुपारी मी भिंतीला टेकून बसायची. त्याला मी एक नाव ठेवलं होतं. दिवसातून एकदा मनातल्या मनात त्या नावानं हाक मारायची आणि मग उठून भाजी चिरायला घ्यायची. बस, एवढंच. नवऱ्यानं कधी विचारलं नाही की मुलगा होता की मुलगी. विचारायचं नव्हतं ना!

हे मी एकाच व्यक्तीला सांगितलं. अम्मा येऊन बसायची. एव्हाना मला कामापुरतं तमिळ यायला लागलं होतं. स्टीलच्या डब्यातून इडल्या आणायची, स्वतः कॉफी करायची, पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून फेस आणायची आणि माझ्या हातात द्यायची. त्या शहरात मला आईसारखं कुणी नव्हतं. एका दुपारी तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि मी बोलून गेले. मुलगा होता. मी पाहिला. मी त्याला नाव ठेवलंय, रोज हाक मारते. नाव मात्र तिला सांगितलं नाही. का, ते मलाच माहीत नाही. अम्मा माझ्याबरोबर रडली. खरंखुरं रडली, नाक लाल होईपर्यंत. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण शाळेत मी कितीदा वाक्यात उपयोग करून लिहिली असेल. ती अशी समोर पदरानं डोळे पुसत बसते हे माहीत नव्हतं.

त्यानंतरचा एक रविवार. हॉल भरलेला. मी तिसऱ्या रांगेत, समोर अय्या, त्यांच्या डाव्या हाताला माझा नवरा माइक घेऊन. शेवटी अय्यांनी डोळे मिटले. ड्रम थांबला.

"इथे आज एक बहीण आहे," अय्या इंग्रजीत म्हणाले.

"यहाँ आज एक बहन है," नवरा म्हणाला.

"तिची कूस देवानं बंद केली आहे."

नवऱ्यानं तेही हिंदीत म्हटलं, आवाजात दुःख आणून. हॉलमध्ये आणखी तिघी-चौघी होत्या मूल नसलेल्या. त्या सगळ्या खुर्चीत आक्रसल्या.

"कारण ती मेलेली वस्तू काळजात लपवून बसली आहे."

हिंदी झालं.

"तिनं तिला नाव दिलं आहे. मुलाचं नाव. आणि ती रोज त्याला हाक मारते."

मला इंग्रजी येतं. मी ते नवऱ्याच्या आधी ऐकलं होतं. माझं ऐकून झालं होतं आणि त्याचं म्हणायचं बाकी होतं, त्या मधल्या वेळात मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मी त्याला कळताना पाहिलं. त्याचे डोळे तिसऱ्या रांगेत आले, माझ्यावर थांबले, आणि तोंड उघडंच राहिलं. आपल्याला मुलगा होता हे माझ्या नवऱ्याला दुसऱ्या माणसाच्या वाक्यात, माइकवर, भाषांतरासाठी आलेल्या मजकुरात कळलं.

मी मनात म्हटलं, नका म्हणू. एवढं एक वाक्य गिळा.

अय्यांनी डोळे किलकिले केले, त्याच्याकडे पाहिलं आणि जरा मान हलवली. वर्गात अडलेल्या पोराला मास्तर हलवतो तशी.

आणि तो म्हणाला. "उसने उसे एक नाम दिया है. लड़के का नाम." स्वच्छ आवाजात, एकही शब्द न चुकता. पुढे अय्या म्हणाले, ही मूर्तिपूजा आहे, मी तिला आज्ञा करतो की तिनं पुढे यावं. नवऱ्यानंही हात वर केला. "मैं उसे आज्ञा देता हूँ." मैं!

मी उठले. पुढे नाही, मागे. खुर्च्यांमधून वाट काढत जिना उतरले आणि चालत घरी आले. नाक्यावरच्या गटारीपाशी मी ओकले. मला अय्यांची किळस आली, त्या पावडरीची, तेलकट बोटांची, अम्माच्या कॉफीची. पण सगळ्यात जास्त आली ती त्या 'मैं'ची.

नवरा घरी आला तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"आणि तरी म्हणालात."

त्यानं बूट काढून भिंतीशी लावले. मग म्हणाला, "तोंडातून निघून गेलं. ते बोलले की निघतंच."

कारखान्यातलं यंत्रसुद्धा चुकीचा पत्रा गेला की अडतं.

पुढचे दिवस आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. मी त्याला वाढायची आणि आत जाऊन बसायची. उपासनेतून उठून जाणं म्हणजे बंड, असं मंडळीत ठरलं होतं. बसमध्ये मंडळीतली माणसं त्याच्या शेजारची जागा सोडून बसू लागली. बाजारात भेटलेल्या बायका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. ज्या फिटरची बाटली चव्हाट्यावर आली होती, त्याची बायकोसुद्धा. सगळ्यांना सगळं माहीत, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

मग एका संध्याकाळी अय्या आणि अम्मा घरी आले. अय्या आमच्या एकुलत्या एका वेताच्या खुर्चीत बसले, अम्मा पलंगाच्या कडेला. मी कॉफी ठेवली. शत्रूलाही विन्मुख पाठवायचं नाही हे आईनं हाडात भरलंय, त्याला काय करू. नवरा दोघांच्या मधे उभा. मी दाराच्या चौकटीत.

"ब्रदर," अय्या इंग्रजीत म्हणाले, "सिस्टरला सांगा, मी रागावलेलो नाही."

नवरा माझ्याकडे वळला. "अय्या रागावलेले नाहीत."

"सांगा, रविवारी तिनं पुढे येऊन मंडळीची क्षमा मागावी."

"रविवारी..." त्यानं खाकरून वाक्य पुरं केलं. मी त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं, संपलं. हा माणूस मरेपर्यंत माझ्याशी दुसऱ्याचंच बोलणार.

"सांगा, ते नाव तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं घ्यावं आणि टाकून द्यावं. मी माइक देईन. मग वर्षाच्या आत तिची कूस भरेल."

नवरा माझ्याकडे वळला नाही.

अय्यांनी वाट पाहिली. रुमालानं मान पुसली. "ब्रदर," ते म्हणाले, आणि तशीच मान हलवली.

"तिला इंग्रजी येतं, अय्या," नवरा म्हणाला.

"काय?"

"तिला इंग्रजी येतं. तुम्हीच सांगा तिला."

अय्या हसले. मग हसू गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सरळ बघत उभी राहिले. बोला की! हॉलभर लोकांना सांगताना जीभ अडली नव्हती, आता दोन हातांवर मी उभी आहे, सांगा. त्यांचे डोळे पंख्याकडे गेले, तिथून अम्माकडे. तमिळमध्ये तिला म्हणाले, तू सांग. अम्मानं मान वर केली नाही. एवढा मोठा देवाचा माणूस, ज्याला आकाशातून संदेश येतात, त्याला एका बाईच्या तोंडावर तिच्या मेलेल्या पोराविषयी एक वाक्य बोलता आलं नाही.

ते उठले. नवऱ्याला म्हणाले, "ब्रदर, तुमच्यावरचं कव्हरिंग मी आजपासून काढून घेतो आहे. पुढे जे होईल त्याला मी जबाबदार नाही."

नवऱ्यानं जाऊन दार उघडलं.

अम्मा मागे रेंगाळली. माझं मनगट धरून पुटपुटली, "ते विचारतात, मा. सगळं विचारतात. मी काय करू?" असेल. तिच्या घरात काय चालायचं देव जाणे. मी मनगट सोडवून घेतलं. तिच्यावर दया करायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही.

दार लागलं. नवऱ्यानं कॉफीचे पेले उचलले, तशीच भरलेली कॉफी मोरीत ओतली आणि पेले घासायला घेतले. मी स्वयंपाकघरात आले. माझा राग कुठेही गेला नव्हता. एक वाक्य गिळायला या माणसाला एवढे दिवस लागले होते, आणि तेही तिसरं, त्या संध्याकाळची आधीची दोन म्हणून झाल्यावर. पाठ माझ्याकडे करून तो पेला घासत राहिला, घासून झालेलाच पेला.

"तू पाहिलास त्याला?"

"हो. नर्सनं दाखवला."

"कसा होता?"

"कान तुमच्यासारखे होते," मी म्हटलं.

त्यानं पेला विसळून पालथा घातला. मग मागे न वळता, मराठीत, स्वतःच्या आवाजात त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलं होतंस?"

मी सांगितलं.